हातमोज्यांच्या दोन जोड्या

९ जानेवारी

ऑफिसची नवी डायरी मिळाली. दरवर्षी ती कोरी राहते आणि वर्षअखेरीस आमची ही तिची पानं फाडून त्यावर सामानाच्या याद्या करते. यंदा मी लिहिणार आहे. घरात बोलण्यासारखं काही नसतं आणि ऑफिसात बोलण्यासारखं कुणी नसतं.

दादाला जाऊन महिना होऊन गेला. भेटायला येणारी माणसं थांबली, फोनही थांबले. आज रविवार. संध्याकाळी सवयीने बूट घातले, जिन्यापर्यंत गेलो, मग आठवलं. परत येऊन बूट काढले. ही म्हणाली, "काही विसरलात का?" मी म्हटलं, "हो." काय, ते तिने विचारलं नाही.

गेली कित्येक वर्षं रविवारची संध्याकाळ दादाच्या मागच्या खोलीत जायची. खोलीभर फळ्या टाकून त्याने त्यावर छोटे रूळ बसवलेत. त्या रुळांवर विजेवर चालणारी त्याची सात पितळी इंजिनं. वाफेच्या इंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृती, हाताने बनवलेल्या, वीतभर लांबीच्या. बिनरंगाच्या, नुसतं पितळ. रंग दिला की किंमत जाते म्हणायचा. उघड्या हाताने शिवायचं नाही, घामाचे डाग पडतात. त्यासाठी पांढरे सुती हातमोजे होते. दोन जोड्या. एक त्याची, एक माझी. वहिनी चहा आणायची तो दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायची, कारण खोलीत चहा न्यायचा नाही असा नियम होता. आम्ही बाहेर येऊन प्यायचो. तोवर बऱ्याचदा निवलेला असायचा.

एका रविवारी इंजिनात तेलाचा थेंब सोडताना दादा म्हणाला होता, "माझ्यामागे हे सगळं तुझंच आहे रे." तेवढंच. पुढे विषय निघाला नाही.

१६ जानेवारी

वहिनीचा फोन.

"भाऊजी, मागची खोली मोकळी करायची म्हणतेय. इंजिनं काढून टाकते. दुकानदाराला विचारायच्या आधी म्हटलं तुम्हाला विचारावं. तुम्हाला घ्यायची असतील तर तुम्ही घ्या. योग्य वाटेल ते द्या."

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

विचार कसला करायचा. माझीच वस्तू मला विकत घ्यायला सांगतात. दादा बोलला होता हे तिला सांगावं, असं फोनवर दोनदा ओठांवर आलं. पण ती म्हणणार, मला बोलले नाहीत कधी. आणि मी म्हणणार, तुम्ही दाराबाहेर होता. हे बोलणं बरं दिसलं नसतं.

हिला सांगितलं तर म्हणाली, "मग घ्या की. नाहीतर सोडा. लोकांच्या जळक्या फ्रिजचा निकाल लावायला तुम्हाला एवढा वेळ लागत नाही."

१९ जानेवारी

माझं काम विमा कंपनीत नुकसान ठरवायचं. आज गालिच्यांच्या दुकानात गेलो होतो. वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटून खालचा सगळा माल भिजलेला. मी एकेक गालिचा उलटून भिजण्याआधीचे दोष लिहीत होतो, म्हणजे भरपाई कमी बसते: रंग उतरलेला, कड उसवलेली, बुरशीचा वास. मालक मागेमागे फिरत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, निम्मे डाग तर तुम्ही आल्यावर दिसायला लागले मला."

सगळे असंच काहीतरी बोलतात. वस्तू आपली असली की माणसाला तिच्यातलं व्यंग दिसत नाही, आणि दुसऱ्याची असली की लगेच दिसतं. मला दोन्ही बाजूंनी बघायची सवय आहे. निदान आतापर्यंत होती.

२३ जानेवारी

दादाकडे जाऊन आलो. खोलीचं कुलूप काढायला वहिनीला वेळ लागला, किल्ली फिरेना. ती कधी उघडतच नसे. आत आल्यावर ती दादाच्या खुर्चीवर बसली. या खोलीत तिला बसलेली मी पहिल्यांदाच बघितली.

कपाटातून हातमोजे काढून घातले आणि एकेक इंजिन उजेडात धरून पाहिलं. सवयीने तोंडाने बोलत गेलो. "याची मागची शिडी वाकलीय. यावर डाग आलाय. हे काळवंडलंय. हे तर फारच काळं पडलंय. असल्यांना गिऱ्हाईक मिळणं अवघड असतं, वहिनी."

"काळी पडलीत म्हणून?"

"ते एक कारण."

"आणि चकचकीत असती तर?"

"तर गोष्ट वेगळी."

हे सगळं खरं नव्हतं. इतक्या वर्षांत पितळ थोडं मंदावणारच, आणि जाणकाराला ते मंद पितळच आवडतं. पण ज्या वस्तूचे पैसे मागितले जातात तिच्यातली व्यंगं काढणं हा व्यवहार आहे. पैशांची भाषा तिने सुरू केली, मी नाही.

फळीवर शेवटी म्हातारी उभी होती. सातांत सगळ्यात छोटं इंजिन, डबे नुसते मागेपुढे हलवणारं. दादानेच नाव ठेवलं होतं. कपाटामागच्या वळणावर ती दर फेरीला अडायची. दादा वाकून बोटाने हळूच ढकलायचा आणि म्हणायचा, "चला आजी." मग ती चालायला लागायची. दर फेरीला.

वहिनीने तिला उचलायला हात पुढे केला. मी म्हटलं, "थांबा, मोजे घाला आधी." आणि दादाची जोडी पुढे केली. तिने मोज्यांकडे पाहिलं, हात मागे घेतला.

"राहू दे," म्हणाली. "इतकी वर्षं अडलं नाही काही."

निघताना ती म्हणाली, की कुणी जाणकार येऊन बघून गेला तर बरं, म्हणजे तुमच्या-माझ्यात घासाघीस नको. एका दुकानदाराला मी ओळखतो. रविवारी घेऊन येतो म्हटलं, पण तो त्याच्या पुढच्या रविवारी मोकळा आहे.

३१ जानेवारी

काल रविवार होता. कुठे गेलो नाही. टीव्ही पाहिला, काय पाहिलं ते आठवत नाही.

घ्यावीत की नाही? घेतली तर ठेवायची कुठे? आमच्याकडे खोली नाही. ही म्हणते, पलंगाखाली. मला रूळ मांडता येणार नाहीत, वीज जोडणं दादाच करायचा, मी फक्त बघायचो. म्हणजे इंजिनं पलंगाखाली खोक्यात राहणार. मग कशाला घ्यायची? पण न घेतली तर ती कुणा अनोळखी माणसाच्या कपाटात जाणार आणि तो म्हातारीला म्हातारी म्हणणार नाही.

६ फेब्रुवारी

दुकानदाराला घेऊन गेलो. लहानसर माणूस, कपाळावर भिंग चढवलेलं, डोळ्यावर ओढायचं आणि परत वर सारायचं. आल्याआल्या विचारलं, "खोकी आहेत का मूळची?"

वहिनीने माळ्यावरून काढून ठेवली होती. जाड पुठ्ठ्याची, आत स्पंज, स्पंजात इंजिनाच्या आकाराचा खड्डा. दुकानदार इंजिनांआधी खोकी बघून खूश झाला. "अर्धा जीव यातच असतो बघा. लोक इंजिन जपतात आणि खोकं भंगारात देतात."

मग भिंग लावून बराच वेळ पाहिलं. वहिनी चहा घेऊन आली आणि ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. दुकानदार म्हणाला, "फार छान राखलीत. एकच सांगतो. कुणी काही फासू नका यांना. वर हा जो लॅकरचा पातळ थर आहे ना, तोच खरा माल. पॉलिश लावून घासलं की तो गेला. मग ही इंजिनं नाहीत, भांडी."

"म्हणजे भांडीच?" वहिनीने दारातून विचारलं.

"अगदी भांडीच, बाई. मग घाला त्यात भाजी."

आम्ही हसलो. वहिनीही हसली. ट्रे स्टुलावर ठेवून स्वयंपाकघरात गेली.

आकडा सांगायच्या आधी दुकानदार फोन करायला बाहेर जिन्यावर गेला. मीही गेलो. त्याचा फोन झाल्यावर म्हटलं, "आकडा जरा बेताचाच सांगा."

तो म्हणाला, "म्हणजे किती बेताचा?"

"निम्मा समजा. माल बाहेर जायचा नाहीये. घरच्या घरातच राहणार आहे."

त्याने भिंग वर सारून माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या घरातलं तुम्ही बघा. माझी फेरी फुकट जायला नको." मी म्हटलं, ते माझ्याकडे लागलं.

तेवढ्यात वहिनी दारात. "चष्मा विसरलात आत," म्हणून तिने त्याच्या हातात दिला. तिने काही ऐकलं नसावं. चेहऱ्यावर काही नव्हतं.

आत येऊन त्याने आकडा सांगितला. वहिनी म्हणाली, "एवढाच?" मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला काय वाटतं, भाऊजी? तुम्हाला कळतं यातलं."

मी म्हटलं, "बाजारभाव आहे. ठीक आहे."

"ठीक आहे तर ठीक आहे," ती म्हणाली.

यात काही वावगं केलं असं मला वाटत नाही. जी वस्तू दादाने मला दिली होती तिचे अर्धे पैसे तरी मी देतोच आहे.

१३ फेब्रुवारी

ठरवलं. घ्यायची. दुकानदाराच्या आकड्यापेक्षा थोडे वरच द्यायचे, म्हणजे वहिनीलाही बरं वाटेल. हिने विचारलं, "थोडे वर म्हणजे मनापासून, की दिसायला?" तिला कधी काय टोचेल सांगता येत नाही.

वहिनीला फोन केला. म्हणाली, "बरं झालं. पुढच्या रविवारी या. तोवर जरा साफसूफ करून ठेवते."

पुष्कळ दिवसांनी जेवण नीट गेलं. हिने पलंगाखालच्या बॅगा काढून जागा केली. मला न विचारता. खाली जुनी चादरही घातली.

२० फेब्रुवारी

लिहायला बसलो आहे, पण कसं लिहावं कळत नाही.

गेलो तर इंजिनं मागच्या खोलीत नव्हती. स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ओळीने मांडली होती. सातही. खिडकीतून ऊन येत होतं आणि ती अशी चमकत होती की डोळे बारीक करावे लागले. नवी भांडी चमकतात तशी. बाजूला पॉलिशचा डबा, चिंध्या, एक जुना दात घासायचा ब्रश. चिंध्या काळ्या झालेल्या. वहिनीची नखंही काळी.

"काळी पडलीत म्हणाला होतात ना," ती म्हणाली. "आता बघा."

मी बघितलं. लॅकर गेलाच होता. बाजूंवर कोरलेले आकडे घासून पुसट झालेले. सुईच्या टोकाएवढे रिवेट, त्यांच्या भोवती पॉलिशची पांढरी पूड भरून बसलेली. एकाचा तारेएवढा कठडा तुटला होता. तो तिने नीट उचलून एका वाटीत ठेवला होता.

"वहिनी, हे काय केलंत?"

"का? चमकत नाहीत?"

"चमकताहेत."

"मग झालं तर. गिऱ्हाईक मिळेल आता."

मी खुर्चीवर बसलो. तिने पाणी दिलं. मी दुकानदाराला फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "आता तुम्हाला बेताचा आकडा मुद्दाम सांगायला नको. वजन करा आणि द्या." आवाज मोठा होता त्याचा. वहिनी ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत होती.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "तुम्ही न्यायची तर न्या. भाव ठरलाय आपला."

मी म्हटलं, बघतो. आणि निघून आलो. काय करणार होतो?

बिचारीला कळलं नाही. बायकांना पितळ म्हटलं की घासायचं एवढंच सुचतं. तिला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं.

२१ फेब्रुवारी

हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती. ऐकून म्हणाली, "आणि तो दुकानदार बोलला तेव्हा वहिनी कुठे होत्या?"

"दारात. चहा घेऊन."

"बरं," म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

२५ फेब्रुवारी

गालिच्यांच्या दुकानाचा अहवाल आज पाठवला. मालाची किंमत बरीच खाली आणून लिहिली होती. सही करायच्या आधी का कोण जाणे परत उघडला आणि आकडे थोडे वर नेले. साहेबांनी बोलावून विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

इंजिनांचं काय करावं? आता ती कुणीच घेणार नाही. म्हणजे हवी तेव्हा मला मिळतील, कवडीमोलाने. मला हेच हवं होतं असं कुणी म्हणेल. पण ज्या वस्तूवर दादाने कधी बोट उमटू दिलं नाही तिच्यावरून चिंधी फिरली आहे. घरात आणून रोज ते बघायचं? दादा असता तर काय म्हणाला असता, ते मनात येतं आणि मी विचार थांबवतो. वहिनीला तो बोलला असता, की मला, हे नक्की ठरत नाही.

ही म्हणाली, "तुम्हाला इंजिनं हवी होती की दादांचा रविवार हवा होता?" मी डायरी काढून लिहायला बसलो.

२ मार्च

ऑफिसातून येताना मुद्दाम दादाच्या गल्लीतून आलो. मागच्या खोलीची खिडकी उघडी होती. दिवा चालू होता. चाकांचा तो बारीक आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी उभा राहिलो. एक फेरी, मग दुसरी. वळणावर आवाज थांबायची वाट बघत होतो. पण तो थांबला नाही. दुसरं इंजिन असेल.

घरी येऊन ठरवलं. खराब तर खराब. घ्यायची. आणि बेताच्या भावाने नाही. दुकानदाराला विचारून खरा आकडा घेतला, पॉलिशच्या आधीचा, त्याने सांगायला हवा होता तो. तो म्हणाला, "वेड लागलंय का तुम्हाला? भांड्यांना कुणी एवढे देतं?" मी म्हटलं, मला द्यायचे आहेत.

हिने चेकवरचा आकडा वाचला. पेनचं टोपण लावून माझ्या खिशात अडकवलं.

६ मार्च

चेक घेऊन गेलो. वहिनी मागच्या खोलीतच होती. मला आत बोलावलं. चहा करून आणला आणि कप सरळ फळीवर ठेवला, रुळांच्या बाजूला. मला तो कप उचलून बाहेर न्यावासा वाटला. नेला नाही.

म्हातारी फिरत होती. सोन्यासारखी पिवळीधमक. कपाटाजवळ आली, वळली आणि तशीच पुढे गेली. पुढच्या फेरीलाही गेली.

"अडत नाही आता," मी म्हटलं.

"कपाट सरकवलं. मागे रुळावर हा एवढा मळ होता. पुसून काढला. तिचा काही दोष नव्हता." थांबून म्हणाली, "उगाच हे म्हातारी म्हणत होते तिला."

मी दादाच्या बोटाबद्दल सांगणार होतो. ती अडायची म्हणूनच तो वाकायचा. पण ते कसं सांगायचं? मी चेक काढून फळीवर ठेवला. तिने चष्मा लावून वाचला. आकडा पाहून तिच्या लक्षात आलं असावं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हा खरा भाव होता?"

"हो."

"तेव्हाही?"

"हो."

तिने चेकची घडी केली आणि तो माझ्या कपाखाली सरकवला. "आता विकायची नाहीत, भाऊजी."

"खोली मोकळी करायची होती ना तुम्हाला?"

"होती. आता मी बसते इथे." मग म्हातारीला उघड्या हाताने उचलून चाकं खालून पदराने पुसली. "एवढीशी असून जड आहे हो. मला वाटायचं, पोकळ असेल. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात आहे ही, आणि जड आहे हे मला आत्ता कळलं."

"पॉलिशने अजून खराब होतील. निदान यापुढे तरी लावू नका."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "दर रविवारी लावते."

मी चहा संपवला. गरम होता. निघायला उठलो तेव्हा ती म्हणाली, "थांबा. रिकाम्या हाताने नका जाऊ." आणि आतून ती सात खोकी आणली, सुतळीने बांधलेली. "मला यांचा उपयोग नाही. मी त्यांना परत आत घालणार नाही. अर्धा जीव यात असतो म्हणाले होते ना ते, घेऊन जा तुमचा अर्धा."

घेऊन आलो. रस्त्यात दोनदा सुतळी हाताला रुतली म्हणून खाली ठेवावी लागली. हिने दार उघडलं.

"आणली?"

"खोकी आणली."

"रिकामी?"

"हो."

तिने माझ्या हातातून ती घेतली आणि पलंगाखाली चादरीवर नीट लावून ठेवली. मग स्वयंपाकघरात गेली. मी सुतळी सोडून एकेक उघडून बघितलं. म्हातारीच्या खोक्यात, इंजिनाच्या आकाराच्या त्या खड्ड्यात, हातमोजे होते. चुकून राहिले असावेत. पण दादा ते खोक्यात कधी ठेवत नसे, कपाटात ठेवायचा. आणि हे धुतलेले होते.

नोंद करून ठेवतो.

खोकी सात. सहा उत्तम. एकाचा कोपरा दबलेला. आतला स्पंज शाबूत, खड्डे स्पष्ट.

हातमोजे सुती, पांढरे, दोन जोड्या. इस्त्री केलेले. वापरण्याजोगे.